अण्णाराव नियम

मी डूख धरणारी बाई आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा ठेवायला नको. एका माणसावरचा राग मी एकवीस वर्षं जपला, आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये त्याच माणसाच्या मुलानं आपणहून फोन करून मला बोलावलं.

“आरतीताई, मी सर्वेश. रेणुकादास सरांचा मुलगा,” तो म्हणाला. लातूरला सुरू झालेल्या त्यांच्या क्लासला पंचवीस वर्षं झाली होती. नांदेडला नवी इमारत उभी राहिली होती, दीड हजार मुलं बसतील एवढा हॉल होता, आणि कार्यक्रमाला प्रमुख पाहुणी म्हणून त्यांना मी हवी होते. “समुद्रातल्या पवनचक्क्यांवर काम करणारी आपल्या क्लासची विद्यार्थिनी. फ्लेक्स छापायला टाकलाय, ताई. नाही म्हणू नका.”

“सर येणारेत ना?”

“बाबा तर पहिल्या रांगेत.”

“मग येते,” मी म्हणाले. चांगल्या गोड आवाजात म्हणाले. फोन ठेवला आणि कपाटातून वडिलांची वही काढली.

वडील म्हणजे अण्णाराव मास्तर, आमच्या गावच्या झेडपी शाळेचे. त्र्याण्णवच्या भूकंपात ते गाव गेलं. आजी-आजोबा दगडामातीच्या भिंतीखाली गेले. आम्ही चौघं बाहेर पत्र्याच्या पडवीत झोपलो होतो म्हणून वाचलो. मी बारा वर्षांची होते, धाकटा बालाजी सहा. सरकारनं माळावर पत्र्याची शेडं उभी करून दिली. त्या माळावर ना झाड ना भिंत. वारा सुटला की पत्रे थडथडायचे आणि आधीच भेदरलेली माणसं पुन्हा बाहेर पळायची. एकदा तर तीन उंच शेडांचे पत्रे उडून गेले आणि शेजारची ठेंगणी शेडं जागची हलली नाहीत. लोकांनी देवापुढं नारळ फोडले. वडिलांनी त्या नारळांच्या करवंट्या मागून आणल्या.

त्यांनी एक लांब बांबू रोवला. सायकलच्या दोन जुन्या हबांवर चार-चार करवंट्या बसवून दोन चाकं केली. एक चाक पुरुषभर उंचीवर, दुसरं त्याच्या तिप्पट. प्रत्येक चाकातली एक करवंटी लाल रंगवली. वारा आला की चाकं फिरायची आणि आम्ही घड्याळ लावून लाल करवंटी मिनिटाला किती वेळा समोरून जाते ते मोजायचो.

“आरते, तू वरचं मोज. बाल्या, तू खालचं,” वडील म्हणायचे. “आन् चुकलं तर चुकलं म्हना. मनानं आकडा लावायचा न्हाई.”

वर वारा जास्त आणि खाली कमी, हे कुणालाही कळतं. किती जास्त, याचा वडिलांना नाद लागला. त्यांनी माळावर मोजलं, ज्वारीच्या रानात मोजलं, मग बांबू बैलगाडीत घालून पाझर तलावाच्या काठी नेला आणि वारा पाण्यावरून येईल अशा बाजूला रोवला. ज्वारीत खालचं चाक रखडायचं आणि वरचं पळायचं. तलावावर दोन्ही जवळजवळ बरोबरीनं फिरायची. “पानी गुळगुळीत हाय,” ते म्हणाले. “वाऱ्याला खाली कुनी अडवतच न्हाई.” प्रत्येक नोंदीपुढं ते जागा, महिना आणि वेळ लिहायचे. तेवढं लिहिल्याशिवाय आम्हाला जेवायला सोडायचे नाहीत.

दहावीला मला बरे मार्क पडले आणि रेणुकादास सरांनी भूकंपग्रस्तांसाठी ठेवलेल्या जागेवर मला लातूरला घेतलं. लातूर पॅटर्नचा तेव्हा नुसता बोलबाला होता. लांबलांबून मुलं येत होती, घरोघरी वरच्या खोल्या भाड्यानं गेल्या होत्या. सर देखणे होते, आवाज खणखणीत, आणि डुलकी घेणाऱ्या मुलाच्या कपाळावर खडू नेमका बसायचा. त्यांची एक पद्धत होती आणि ती आम्ही पाढ्यासारखी पाठ केली होती. प्रश्न नंतर वाचा, आधी पर्याय वाचा. चारांतलं एक बरोबर असतंच. उत्तरावरून उलटं या.

१९९८च्या फेब्रुवारीत त्यांनी चाचणीत कुठल्याशा परदेशी पुस्तकातून उचललेला एक प्रश्न घातला. खुल्या समुद्रावर दहा मीटर उंचीला वाऱ्याचा वेग सेकंदाला सहा मीटर आहे, तर ऐंशी मीटर उंचीला किती? अ, सहा. ब, आठ पूर्णांक एक. क, बारा. ड, अठ्ठेचाळीस. उत्तर ब. उंची जितक्या पट वाढली त्याचा एक सप्तमांश घात घ्यायचा, असा नियम सरांनी फळ्यावर लिहून दिला. सुट्टीला घरी गेले तेव्हा मी तो वडिलांना सांगितला. त्यांनी वही काढली, बराच वेळ बघत बसले, आणि माझ्याबरोबर लातूरच्या बसमध्ये चढले.

क्लास भरला होता. चारशे मुलं. वडील दारात उभे राहिले, डोक्यावर टोपी, कापडी पिशवीत वही.

“या मास्तर,” सर माईकवरून म्हणाले. “काय काम काढलं?”

“त्या वाऱ्याच्या गनिताचं इचारायचं होतं, सर. एक सप्तमांश समद्याच जागी कसं चालंल? आमच्या माळावर येगळं येतंय, पान्यावर येगळं येतंय.”

“पाण्यावर? मास्तर, समुद्र बघितलाय का कधी?”

“न्हाई, सर. तलाव बघितलाय.”

हॉल हसला. हशा मिळाला की सर आणखी रंगात यायचे. त्यांनी वडिलांच्या हातातून वही घेतली, करवंट्यांचं चित्र असलेलं पान उघडून सगळ्यांना दिसेल असं धरलं आणि म्हणाले, “बरं, मग चार पर्यायांत तुमचं उत्तर कुठं आहे?”

“चारीमधी न्हाई. मोजल्याबिगर सांगता येत न्हाई.”

“म्हणजे पोरांनी पेपर सोडून करवंट्या घेऊन तलावावर जायचं?”

हॉल पुन्हा हसला, पहिल्यापेक्षा जोरात. चारशे मुलं हसली आणि त्यांत मी होते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. हसले नसते तर मास्तरांची पोरगी ती हीच, म्हणून सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं वळल्या असत्या. म्हणून हसले. वडिलांनी ते पाहिलं.

बसस्टँडवर त्यांनी मला तिखट-मीठ लावलेला पेरू घेऊन दिला. “अभ्यास कर,” एवढंच म्हणाले. गावाकडं जाऊन त्यांनी बांबू उतरवला. पुढं आई त्यावर कपडे वाळत घालायची. करवंट्या चुलीत गेल्या. २००६ साली वडील वारले, तोपर्यंत वाऱ्याचा विषय त्यांच्या तोंडून पुन्हा निघाला नाही.

तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती. रेणुकादास सरांनी आपल्याच हॉलमध्ये, आपल्याच माईकवरून म्हणायचं की अण्णाराव मास्तर बरोबर होते. लातूरची पोरगी डॉक्टर व्हायचं सोडून समुद्रातल्या वाऱ्याकडं कशी वळली, असं लोक विचारतात तेव्हा मी काहीतरी भारदस्त सांगते. खरं कारण हे आहे.

माझं काम साधं सांगता येतं. समुद्रातल्या पवनचक्कीचं चाक शंभर मीटरच्या वर असतं. तेवढ्या उंचीवर वर्षानुवर्षं वारा मोजत बसणं जिकिरीचं, म्हणून जमेल तेवढ्या उंचीवर मोजायचं आणि वरचा वेग हिशेबानं काढायचा. हा हिशेब फसला की पवनचक्क्यांचं अख्खं शेत फसतं. लाटा किती आहेत, हवा पाण्यापेक्षा गरम आहे की गार, यावर तो बदलतो. गरम हवा गार पाण्यावर आली की ती वरखाली मिसळत नाही, पाण्यावरच्या तेलासारखी वेगळी राहते. मग खाली वारा मंद आणि वर सुसाट. आमच्या ऑफिसात मी यासाठी बदनाम आहे. कुणी वर्षभरासाठी एकच आकडा धरून अहवाल आणला की मी तो आल्या पावली परत पाठवते.

कार्यक्रमासाठी मी आमच्या मनोऱ्याचे आकडे काढले. गुजरातच्या किनाऱ्यापुढं समुद्रात रोवलेला हा मनोरा वेगवेगळ्या उंचीवर वारा मोजतो. पावसाळ्याचे चार महिने हवे तसे निघाले. घात एक नवमांश. दहा मीटरवर सहा असताना ऐंशीवर साडेसात. चारांत नसलेलं उत्तर. थंडीतही साधारण तेवढंच. मग मार्च, एप्रिल, मे आले. तापलेल्या जमिनीवरची हवा गार समुद्रावर यायची आणि घात थेट एक चतुर्थांशावर जायचा. ऐंशी मीटरवर दहा. बारा महिन्यांची सरासरी काढली. ती एक सप्तमांश आली.

मी ती तीन वेळा काढली. तिन्ही वेळा तेच. म्हणजे आठ पूर्णांक एक. म्हणजे ब.

ती सरासरी पोकळ होती, वर्षातल्या एकाही महिन्यात समुद्र तसा वागला नव्हता. खरं तर वडिलांचं म्हणणं त्यातूनच उघड होत होतं, की मोजल्याबिगर सांगता येत नाही. पण ते समजावून सांगायला अर्धा तास लागला असता, आणि भरलेल्या हॉलपुढं ‘सांगता येत नाही’ म्हणणाऱ्या माणसाचं काय होतं ते मी एकदा बघितलं होतं. मला सरांना तोंडघशी पाडायचं होतं. त्यासाठी एक आकडा पुरे असतो. मी पावसाळा ठेवला आणि उन्हाळा काढून टाकला. वडिलांच्या वहीतलं तलावाचं पान स्कॅन केलं. त्याच्या तळाला पेन्सिलीनं लिहिलेली एक ओळ होती, ती कापली. उत्तर आधीच ठरलेलं होतं आणि मी त्याच्यावरून उलटी आले होते. सरांनी पद्धत शिकवली होती ती काही वाया गेली नव्हती.

नांदेडला हॉलच्या रस्त्यावर माझे सहा फ्लेक्स लागले होते. आई बालाजीकडं नांदेडलाच असते, ती दोघं पहिल्या रांगेत बसली होती. त्याच रांगेच्या दुसऱ्या टोकाला सर. बहात्तर वर्षांचे, हातात काठी, पण शर्टाची इस्त्री तशीच कडक. सर्वेशनं मला शाल घातली, नारळ दिला. तो नारळ मी भाषण संपेपर्यंत समोरच्या टेबलावर ठेवला होता.

मी तो जुना प्रश्न पडद्यावर टाकला, चार पर्यायांसकट, आणि हात वर करायला सांगितले. ‘ब’ला हॉलभर हात वर गेले.

“सर, तुम्ही सांगा,” मी म्हणाले. सर्वेशनं धावत जाऊन त्यांच्या हातात दुसरा माईक दिला.

“ब,” सर म्हणाले. आवाज जराही बसला नव्हता. “एक सप्तमांश.” टाळ्या पडल्या.

“चूक,” मी म्हणाले.

हा शब्द मी आंघोळ करताना, बसमध्ये, ऑफिसात कितीदा म्हणून बघितला होता. प्रत्यक्षात तो त्याहून गोड लागला. मी मनोरा दाखवला, त्याच्यावरची वारा मोजायची वाट्यांची चाकं दाखवली, साडेसातचा आकडा दाखवला. मग वडिलांच्या वहीचं पान दाखवलं. “हे माझे वडील, अण्णाराव मास्तर. त्यांनी जन्मात समुद्र बघितला नाही. पत्र्याच्या शेडात राहून, करवंट्यांनी वारा मोजून त्यांनी सांगितलं होतं की तुमचं उत्तर बरोबर नाही. तेव्हा त्यांना विचारलं गेलं, चार पर्यायांत तुमचं उत्तर कुठं आहे? सर, आज तेच मी तुम्हाला विचारते. यांत बरोबर उत्तर कुठं आहे?”

सर्वेशचा चेहरा पडला. बालाजी खाली बघायला लागला. मला इतका आनंद झाला होता की टेबल धरावं लागलं. सर उठले. काठी टेकत स्टेजवर आले, पडद्यासमोर उभे राहून वहीचं पान वाचलं, सावकाश, ओळीला बोट लावून. ते काय सबबी सांगतील त्या सगळ्यांची उत्तरं माझ्याकडं तयार होती.

“मास्तर बरोबर होते,” ते माईकवरून म्हणाले. “मी चुकलो. आणि त्या दिवशी मी त्यांचा पाणउतारा केला, तो करायला नको होता.”

आईनं पदर डोळ्यांना लावला. एकवीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते दहा सेकंदांत बोलून झालं होतं. माझं एकही तयार उत्तर कामाला आलं नव्हतं. मी अजून पुरती खूशही झाले नव्हते, तेवढ्यात सर हॉलकडं वळले.

“वह्या काढा,” ते म्हणाले. दीड हजार वह्या उघडल्याचा आवाज झाला. “एक सप्तमांश जमिनीवर. समुद्र दिसला की डोळे झाकून एक नवमांश. याला आपण आजपासून अण्णाराव नियम म्हणायचं. समुद्र म्हणजे किती?”

“एक नवमांश,” हॉल म्हणाला.

“कुणाचा नियम?”

“अण्णाराव नियम.”

मग ते थांबले. काय वाटलं कुणास ठाऊक, माझ्याकडं वळून त्यांनी माईक बाजूला केला आणि हळू आवाजात, एखाद्या विद्यार्थ्यानं विचारावं तसं विचारलं, “बाराही महिने हेच येतं ना ग, आरती? मुलांना चुकीचं जायला नको.”

माझ्या हातात माईक होता. उन्हाळ्याचे तीन महिने माझ्या पिशवीतल्या लॅपटॉपमध्ये होते. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य बोलले असते तर ‘चूक’ हा शब्द परत घ्यावा लागला असता, आणि तोही त्यांच्यासमोर.

“हो, सर,” मी म्हणाले. “बाराही महिने.”

दिवाळीला मी नांदेडला गेले. कार्यक्रमानंतर वही मी आईपाशीच ठेवून आले होते. आईनं देवघरातून क्लासची नवीन पुस्तिका आणली. वडिलांचा टोपीतला फोटो, खाली चौकटीत ठळक अक्षरांत अण्णाराव नियम, समुद्र असल्यास एक नवमांश, पाठ करा. शेजारी त्यांच्या हस्ताक्षरातलं तलावाचं पान छापलं होतं. पुस्तिका लातूर-नांदेडच्या सगळ्या मुलांच्या हातात होती, आणि सर्वेशनं फोन करून सांगितलं होतं की बाकीच्या क्लासवाल्यांनीही नियम उचललाय.

“शेजारनींना दावली म्या,” आई म्हणाली. आईला वडिलांनीच पत्र्याच्या शेडात वाचायला शिकवलं, त्यामुळं ती एकेक अक्षर पारखून वाचते. तिनं पुस्तिकेशेजारी वही उघडून ठेवली. एक बोट हिच्यावर, एक बोट तिच्यावर. खालपर्यंत आली आणि थांबली.

“आरते, ह्यात खालची ओळ न्हाई की ग.”

“कुठली?”

तिनं वही डोळ्यांजवळ नेली. पेन्सिल पुसट झाली होती. “‘हे फक्त जानेवारीचे, सकाळचे. उन्हाळ्यात पुन्हा मोजणे. तोवर हा आकडा कुणास देऊ नये.’”

तो उन्हाळा वडिलांना मोजता आला नाही. त्या जानेवारीनंतर लगेच फेब्रुवारीतच बांबू उतरला होता. त्यांचा राहिलेला उन्हाळा पुढं मी मोजला, समुद्रावर, पुरा, आणि पिशवीत दाबून ठेवला.

“छापताना राहिली असंल,” मी म्हणाले.

“मग सांग की त्या सरला. तुजं ऐकतूय आता त्यो,” आई म्हणाली. “तुजे बाबा असते तर वही घेऊन सकाळच्या गाडीनं गेले असते.”

“सांगते,” मी म्हणाले.

सांगितलेलं नाही. सर्वेशचा नंबर काढते आणि ठेवून देते. ऑफिसात अजूनही कुणी वर्षभरासाठी एकच आकडा धरून आला की मी त्याला सगळ्यांसमोर उभं करते आणि विचारते, उन्हाळा कुठं गेला.